वयाची अट

मोरारजी देसाई १९७७ साली पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचं वय ८१ होतं. त्या वयात त्यांना देश चालवायला मिळाला. पण माझ्या शेजारच्या खिडकीत बसून पासबुकं छापायला मिळाली नसती. सरकारी बँकांच्या कारकुनी परीक्षेला (हल्ली त्या जागेला भारदस्त इंग्रजी नाव दिलंय, पासबुकं तीच आहेत) खुल्या गटासाठी वयाची अट २० ते २८. आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आकडा दिसला की ताळा केल्याशिवाय चैन पडत नाही. मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. म्हणजे जन्मल्यापासून पंतप्रधान होईपर्यंत त्यांच्या वाट्याला वाढदिवस आले अवघे एकोणीस. त्या हिशेबाने त्यांना एक वर्ष कमी पडतं! जाहिरातीतल्या अटीत हा माणूस कुठूनही बसत नाही. वरून जास्त, खालून कमी.

मी स्वतः या फटीतून आत शिरलो तेव्हा अठ्ठावीस पुरी व्हायला चार महिने उरले होते. पाच महिने उशीर झाला असता तर आज मी लेख लिहीत नसतो, अर्ज लिहीत असतो. माझ्यात त्या पाच महिन्यांत असा काय बिघाड होणार होता, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

हे सगळं आठवायला कारण आमचे साडू. वय वर्षं ४९. ठाण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं हिशेबनीस होते. मालकांच्या चिरंजीवांनी एके दिवशी जागेचा भाव ऐकला आणि त्यांना यंत्रांचा आवाज सहन होईनासा झाला. कारखाना गेला. तिथे आता बत्तीस मजले उभे राहतायत आणि साडू गेले अकरा महिने घरी बसलेत. लेक बारावीला, घराच्या कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षं.

माणूस कसा म्हणाल, तर विक्रीकराच्या जमान्यात कामाला लागलेला. २००५ साली व्हॅट आला, तो पचवला. २०१७ साली जीएसटी आला, तोही पचवला. तीन करांशी संसार केला आणि एकाशीही भांडण नाही. असा माणूस कोणीही हसत हसत घेईल, असं मला वाटायचं. हसत हसत नाकारतात, हे अकरा महिन्यांत कळलं.

अर्ज हल्ली मोबाइलवर भरायचा असतो. त्यात जन्मसाल लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. यादी वरून सुरू होते. बोटाने ढकलत ढकलत खाली जायचं. साडूंचं १९७६ येईपर्यंत अंगठा दुखायला लागतो. ते म्हणाले, "साडूभाऊ, आपण किती खाली गेलोत हे एरवी कळत नाही हो."

मग सल्ले देणारे जमले. एकाने सांगितलं, दहावीचं साल अर्जात लिहू नका. दुसऱ्याने सांगितलं, चोवीस वर्षांचा अनुभव लिहू नका, दहाचाच लिहा. आयुष्यभर या माणसाने ताळेबंदात एक रुपया लपवला नाही, त्याला आता स्वतःची चौदा वर्षं लपवायला सांगतात! आमची ही त्यांच्या घरी जाऊन कलप लावून आली. केस झाले कोळशासारखे, भुवया राहिल्या पांढऱ्या. समोरच्याला वाटावं, माणूस वरून खाली पिकत येण्याऐवजी खालून वर पिकत चाललाय.

त्या अवतारात ते मुलाखतीला गेले. घेणारा मुलगा सत्तावीसेक वर्षांचा. वागायला चांगला हो, उठून खुर्ची दिली. पण पहिला शब्द काय काढला, तर "काका". मी सांगतो, ज्या मुलाखतीत समोरचा तुम्हाला काका म्हणतो तिथून सरळ उठावं. काकांना चहा देतात, नोकरी देत नाहीत. "काका, तुम्हाला टॅली येतं का?" साडू टॅली वापरायला लागले तेव्हा हा मुलगा बाराखडी गिरवत असेल. "नवं काही शिकायला त्रास नाही ना होणार?" तीन करांचा किस्सा तेव्हा सांगून झाला. शेवटी ठरलेला प्रश्न: "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?" साडू म्हणाले, "चोपन्नाव्या वर्षात." उत्तर अचूक होतं. कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.

या नकारांची कारणं ऐकण्यासारखी असतात. पहिलं, तुम्ही पगार जास्त मागाल. साडू म्हणाले, निम्म्यावर येतो. त्यावर त्यांना शंका आली, की हा निम्म्यावर का येतोय, काहीतरी भानगड असणार. दुसरं, तुमचा साहेब तुमच्यापेक्षा लहान असेल, तुम्हाला जड जाईल. अहो, घरी वयात आलेली मुलगी आहे. लहान माणसाच्या हुकमात राहायचा सराव जेवढा आम्हाला आहे तेवढा जगात कोणाला नाही. तिसरं म्हणजे, तुमचा अनुभव या जागेला जास्त होतो. हे तर मला कधीच कळलेलं नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपल्यावर कोणी म्हणतं का, की या सर्जनचा अनुभव फार होतोय, जरा कच्चा बघा?

खरं कारण वेगळंच आहे, आणि ते मी खिडकीच्या आतून रोज पाहतो. पंचवीस वर्षांच्या पोराला साहेबाने सांगितलं, हे बिल मागच्या तारखेत टाक, की ते टाकतं. एकोणपन्नास वर्षांचा हिशेबनीस चष्मा वर करून म्हणतो, "साहेब, हे नाही टाकता येणार." त्याला नियम पाठ असतो आणि नियम मोडलेल्यांचं पुढे काय झालं तेही पाठ असतं. हे चष्मा वर करणं मालकलोकांना नको आहे. बाकी गुडघे, स्मरणशक्ती, संगणक ही सगळी निमित्तं.

आमच्या बँकवाल्यांचंच घ्या. सरकारी बँकांनी २००० साली स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, तेव्हा चाळीस वर्षं वय किंवा पंधरा वर्षं नोकरी झालेल्याला अर्ज करता येत होता. लाखभर माणसं घरी गेली. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी आत यायचं दार बंद, चाळिसाव्या वर्षी बाहेर जायचं उघडं. मधली बारा वर्षं काय ती आमची उमेद! पुढे ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री नोटा रद्द झाल्या आणि त्याच घरी गेलेल्यांना हाका मारायची वेळ आली. आमच्या शाखेत एक निवृत्त हेड कॅशियर मदतीला आले होते. डोळ्यांना भिंगासारखा चष्मा. तिसऱ्या दिवशी नोटा मोजायचं मशीन तापून बंद पडलं, यांचा अंगठा चालू होता. तेव्हा त्यांचं वय कोणी विचारलं नाही. गर्दी ओसरल्यावर विचारलं, तेही निरोपाच्या चहाला, कौतुकाने.

राज्यघटनेचं सोळावं कलम मी मुद्दाम काढून वाचलं. सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभाव करायचा नाही. यादीत वय नाही. अमेरिकेने १९६७ साली कायदाच केला, की चाळिशीपुढच्याला वयावरून नोकरी नाकारायची नाही. तिथेही नाकारत असतील म्हणा, पण निदान दुसरं कारण शोधण्याचे कष्ट तरी पडतात. आपल्याकडे तेवढीही तोशीस नाही. जाहिरातीतच छापतात: वय तीसच्या आत.

बरं, म्हातारा म्हणताय तर पेन्शन तरी द्या. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन ५८व्या वर्षी. घाई असेल तर पन्नाशीनंतर मिळते, पण अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापून. साडू ४९! नोकरीला ते म्हातारे आणि पेन्शनला अजून लहान. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन कचेऱ्यांनी दोन उलट कारणांनी परत पाठवायचं, हे फक्त वयाच्या बाबतीतच जमतं.

आमच्या सोसायटीची इमारत १९८७ची आहे. तिला तीस वर्षं झाली तेव्हापासून बिल्डर पेढ्यांचे पुडे घेऊन जिना चढतायत. इमारत जुनी झाली की भाव येतो. माणसाने काय गळायला लागल्यावर अर्ज करायचा?

सोसायटीवरून आठवलं, आणि हे लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होतो. सोसायटीचा मी खजिनदार. दीड वर्षापूर्वी हिशेब लिहायला माणूस हवा होता, महिन्यातून चार दिवस. दोघं आले. एक छप्पन्न वर्षांचे गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं. दुसरा तेवीस वर्षांचा मुलगा. समितीत मी म्हणालो, "गृहस्थ उत्तम आहेत. पण वय जरा... तरुण मुलगा बघू, टिकेल तरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते गृहस्थ जाताना माझ्याशी हात मिळवून गेले होते.

तरुण मुलगा सात महिने टिकला. दुसरी नोकरी लागल्यावर मोबाइलवर अंगठा पाठवला आणि गेला. बँकेच्या खात्याचा मेळ तेव्हापासून लागलेला नाही. सोसायटीच्या खजिनदाराने रात्री जागून तो लावायचा प्रयत्न केला, तो अजून चालू आहे. ही म्हणाली, "अहो, मग भावोजींनाच द्या ना ते काम!" पण खजिनदाराने साडूला काम दिलं तर सर्वसाधारण सभेत काय होतं ते तिला ठाऊक नाही. शिवाय चार दिवसांच्या कामात त्यांचा हप्ता निघतो कुठे?

शेवटी परवा रात्री जुन्या वहीतून नंबर शोधला आणि त्या गृहस्थांना फोन लावला. नाव सांगितलं, सोसायटी सांगितली. त्यांना सगळं आठवत होतं.

"तेव्हा मी छप्पन्नचा होतो," ते म्हणाले. "आता अठ्ठावन्नावं चालू आहे. चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं.

"पगार?"

"तोच."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "तरुण गेला वाटतं सोडून?"