सुभेदार ‘कनिष्ठ’ कसा?

भारतीय भूदलात एक श्रेणी अशी आहे, की तिच्या नावातच ‘कनिष्ठ’ हे विशेषण कायमचे चिकटले आहे. आणि त्या श्रेणीतील माणूस मात्र पलटणीतील बहुतेकांहून वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असतो. ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, लष्करी बोलीत ‘जेसीओ’, ही ती श्रेणी. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर या तिच्या तीन पायऱ्या. शिपाई म्हणून भरती झालेला तरुण नाईक, हवालदार होत होत दीर्घ सेवेनंतर येथवर येतो. बहुसंख्य त्याआधीच निवृत्त होतात. तरीही सरकारी वेतनकोष्टकाला तो ‘जवानांपैकीच एक’ वाटतो आणि निवृत्तीनंतर शहरी समाजाला तो ‘वॉचमन’ वाटतो. या दोन्ही दृष्टी सदोष आहेत, आणि राष्ट्राच्या संरक्षणसिद्धतेला त्या परवडणाऱ्या नाहीत.

मराठी माणसाला तरी हे पद परके वाटू नये. शिवकालीन पायदळात नऊ-दहा शिपायांवर नाईक आणि पाच नाईकांवर हवालदार अशी रचना होती. सुभेदार तर मुलखाचा अधिकारी. पेशवाईत मल्हारराव होळकरांसारखा सेनानी ‘सुभेदार’ म्हणून ओळखला जाई. कंपनी सरकारने हे शब्द उचलले. पण त्यांतील अधिकार काढून घेतला. तीस वर्षे रणांगण पाहिलेला सुभेदारही नुकत्याच बोटीतून उतरलेल्या मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीच राहील, अशी व्यवस्था केली गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत राजाचे कमिशन हिंदी माणसाला जवळजवळ दुर्लभच होते. त्याच्या वाट्याला आले ते व्हाइसरॉयचे कमिशन. स्वातंत्र्यानंतर ‘व्हाइसरॉय’ गेला आणि त्याच्या जागी ‘ज्युनियर’ आला! १९६५ मध्ये ‘जमादार’ हे नाव बदलून ‘नायब सुभेदार’ झाले. नावे बदलली, समाजाची आणि सचिवालयाची दृष्टी किती बदलली, हा खरा प्रश्न आहे.

हे पद नेमके करते काय? पायदळातील प्लाटूनचे नेतृत्व बहुधा जेसीओच करतो. प्रबोधिनीतून नवा लेफ्टनंट पलटणीत येतो, तेव्हा त्याला माणसे ओळखायला शिकवतो तो सुभेदार. पलटणीचा प्रमुख असलेला कर्नल दोन-तीन वर्षांनी बदलतो. सुभेदार मेजरने मात्र आपले बहुतेक आयुष्य त्याच पलटणीत काढलेले असते. पलटणीत सुभेदार मेजर एकच. कोणत्या जवानाच्या घरी भाऊबंदकी आहे, कोणाला रजा नाकारली तर तो खचेल, कोणाच्या गप्प राहण्यामागे काय आहे, हे त्याला ठाऊक असते, आणि कर्नलसाहेबांना ते स्पष्ट सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. पलटणीच्या मंदिरातील, गुरुद्वारातील वा मशिदीतील धर्मशिक्षकही जेसीओच असतो. अधिकारी त्याला ‘सुभेदार साहेब’ म्हणून संबोधतात. लष्कराने जपलेला हा संकेत समाजाने मात्र कधी शिकून घेतला नाही.

रणांगणावरील साक्ष तर निर्विवाद आहे. २३ ऑक्टोबर १९६२ रोजी तवांगजवळ बूम ला येथे चिनी लाटा अडविणाऱ्या प्लाटूनचा प्रमुख होता सुभेदार जोगिंदरसिंग. मांडीत गोळी लागली तरी त्यांनी मागे जाणे नाकारले. दारूगोळा संपला तेव्हा उरलेल्या जवानांसह ते संगिनी घेऊन शत्रूवर तुटून पडले. शत्रूच्या कैदेत त्यांना मरण आले. १९८७ च्या जूनमध्ये सियाचीनवर २१,१५३ फूट उंचीचे पाकिस्तानी ठाणे जिंकणाऱ्या तुकडीचे नेतृत्व केले नायब सुभेदार बाणासिंग यांनी. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. मृत्यूच्या तोंडावर माणसांना पुढे नेणाऱ्या या नेतृत्वात ‘कनिष्ठ’ ते काय होते?

काही विद्वान म्हणतात, की ही श्रेणी म्हणजे ब्रिटिश अवशेष. इतर देशांत अधिकारी आणि सैनिक असे दोनच वर्ग आहेत, मग येथे तिसरा कशाला? अवशेष आहे तो त्या पदाला चिकटवलेला दुय्यमपणा, पद नव्हे. विविध भाषा आणि चालीरीतींच्या सेनेत, शिपायांतूनच वर आलेला आणि त्यांच्याच भाषेत बोलणारा नायक हवा असतो. ती गरज इंग्रज गेल्याने संपलेली नाही.

आता हिशेबाकडे वळू या. लष्करी जीवनाच्या विशेष कष्टांसाठी दिल्या जाणाऱ्या सैनिकी सेवा वेतनाचे दर सातव्या वेतन आयोगाने ठरविले, ते असे: अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये, जेसीओंना ५,२०० रुपये. शिपायालाही ५,२०० रुपयेच! शिपायाला ते मिळावेत यात वाद नाही, आणि अधिकाऱ्यांच्या ताटातले काढून घ्या, असेही कोणी म्हणत नाही. पण प्लाटूनच्या जबाबदारीची आणि आयुष्यभराच्या अनुभवाची किंमत शून्य रुपये कशी? जेसीओंचे हे वेतन दहा हजारांपर्यंत वाढविण्याचा सेनादलांचा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाने २०१८ मध्ये फेटाळला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आठव्या वेतन आयोगाला मान्यता दिली. ही चूक सुधारण्याची संधी त्यामुळे पुन्हा आली आहे. ती दवडता कामा नये. २०२२ पासून चार वर्षांसाठी अग्निवीर भरती होत आहेत आणि त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होणार आहेत. अल्पावधीत तरुणाचा सैनिक घडविण्याचे ओझे पडते ते हवालदार-सुभेदारांच्याच खांद्यावर. काम वाढवायचे आणि मान होता तेथेच ठेवायचा, हा न्याय नव्हे.

मात्र सर्व दोष दिल्लीच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत सुभेदाराचे घर आजही मानाचे असते. तोच सुभेदार मुलाबाळांच्या शिक्षणासाठी शहरात आला, की गृहसंकुलाच्या फाटकावर त्याला खुर्ची आणि शिटी मिळते. २६ जानेवारीला झेंडा नगरसेवकाच्या हस्ते फडकतो आणि सुभेदार दोर बांधून देतो! माणसे सांभाळणे, शिस्त लावणे, संकटात डोके शांत ठेवणे ही त्याची विद्या शाळा, कारखाने, रुग्णालये, सहकारी संस्था यांना नको आहे काय? सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरातील शिस्तीतून आणि विद्याप्रेमातून बाबासाहेब आंबेडकर घडले, हे विसरणारा समाज कृतघ्नच म्हटला पाहिजे.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. शासनाने जेसीओंसाठी सैनिकी सेवा वेतनाचा स्वतंत्र टप्पा निश्चित करावा. आणि नागरिकांनी येत्या ध्वजवंदनाला आपल्या वस्तीतील निवृत्त सुभेदाराला शोधून काढून, सन्मानाने ‘सुभेदार साहेब’ अशी हाक मारून, ध्वजाची दोरी त्याच्याच हाती द्यावी. पहिल्या कामाला आयोगाचा अहवाल लागेल. दुसऱ्याला कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.