चौघांचा डाव

रविवारी रात्री नऊ वाजले की आमच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो, अशी तक्रार शेजारच्या काकूंनी परवा जिन्यात केली. ‘मुलं आहेत, चालायचंच,’ असेही त्या समजूतदारपणे म्हणाल्या. मी मान डोलावली आणि वर आलो. ओरडणारा मीच असतो, हे सांगायचे धैर्य झाले नाही. कानांवर हेडफोन चढवले की आपण किती मोठ्याने बोलतो याचा अंदाज राहत नाही. आणि अंधाऱ्या गुहेत पाठीमागून वासराएवढे किडे धावून आले, की पन्नाशी ओलांडलेला माणूसही ‘अरे, मला सोडून कुठे चाललात?’ असेच ओरडतो.

हा प्रकार काय आहे ते आधी सांगतो. ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ नावाचा एक संगणकावरचा खेळ आहे. डेन्मार्कमधल्या घोस्ट शिप गेम्स या मंडळींनी तो २०१८ मध्ये अर्ध्याकच्च्या रूपात लोकांच्या हाती दिला आणि मे २०२० मध्ये, जग घरात कोंडले गेले असताना, पुरा केला. कथा म्हणाल तर दोन ओळींची. दूरच्या भविष्यकाळात एक खाणकंपनी होक्सेस नावाच्या ग्रहाच्या पोटातली खनिजे काढते आणि त्यासाठी चार दाढीवाले बुटके यानातून खाली सोडते. खाली मिट्ट अंधार, भोवती किडे. सांगितलेले काम उरकायचे आणि परत यायचे. समोर दुसरा संघ नसतो, कोणाला हरवायचे नसते. दगड कुदळीने हवा तिथे फोडता येतो आणि गुहा दर वेळी नवी रचली जाते, त्यामुळे पाठांतराचा इथे काही उपयोग नाही.

मी या खाणीत उतरलो तो हौसेने नव्हे. लेक शिकायला जर्मनीला गेली, तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओवर बोलायचे असा आमचा नेम होता. ‘जेवलीस का?’, ‘थंडी किती आहे?’, ‘अभ्यास?’ हे तीन प्रश्न झाले की पाचव्या मिनिटाला आम्ही एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसायचो. फोन ठेवला की तीच मुलगी, आमचा धाकटा आणि नागपूरचा माझा भाचा हे तिघे एका मित्राला घेऊन या खेळात शिरत, आणि बंद दाराआडून दोन-दोन तास हसण्याचे आवाज येत. मी बाहेर वर्तमानपत्र चाळत ‘काय ही मारामारी’ असे पुटपुटत असे. एका रविवारी त्या मित्राची परीक्षा होती. धाकट्याने दार उघडून विचारले, ‘बाबा, बसता का चौथे?’ विचारण्यात आग्रह कमी आणि नाइलाज जास्त होता. मी बसलो.

माझ्यासारखी चौथी जागा ज्यांच्या वाट्याला येईल, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट खेळ विकत घेण्याआधीची. तो निरनिराळ्या यंत्रांवर मिळतो, पण स्टीमवर घेतलेल्याची एक्सबॉक्सवाल्याशी गाठ पडत नाही. तेव्हा घरच्यांनी कुठे घेतला आहे ते विचारूनच पैसे भरावेत. दुसरी अडचण हातांची. डाव्या हाताच्या चार बोटांनी चालायचे आणि उजव्या हातातल्या माउसने मान वळवायची. पहिले दोन दिवस मी छताकडे बघत भिंतीवर आपटत होतो. मळमळलेही. सेटिंगमध्ये दृश्याची रुंदी वाढवता येते, ती वाढवली तेव्हा बरे वाटले. ही लाज चारचौघांत काढायची नसेल तर आधी शिकवणीची मोहीम करावी, मग एकट्याने दोन-तीन फेऱ्या माराव्यात. एकट्या खेळाडूबरोबर बॉस्को नावाचा एक उडता यंत्रमानव येतो. तो उजेड देतो, खणतो, किड्यांवर गोळ्या झाडतो, तुम्ही पडलात तर ठरावीक वेळा उठवतोही, आणि मुख्य म्हणजे टोमणे मारत नाही. धोक्याच्या पातळ्या एकपासून पाचपर्यंत आहेत. पहिल्या पातळीवर खेळण्यात कमीपणा मानू नये.

मग प्रश्न येतो कोणता बुटका घ्यायचा. गनरकडे मोठी बंदूक, सर्वांना आत घेणारी ढाल आणि दरीवर टाकायचा दोर असतो. ड्रिलर दगडातून बोगदा पाडत जातो. इंजिनिअर आपोआप चालणारी तोफ उभी करतो आणि भिंतीवर उभे राहण्यापुरते फलाट चिकटवतो. स्काउट आकड्याच्या दोराने कुठेही झेपावतो आणि छताला लख्ख दिवे मारतो. नवशिक्याला सगळे गनर घ्यायला सांगतात. माझे मत थोडे वेगळे आहे. मोठी बंदूक हातात आली की माणूस घोडा दाबूनच ठेवतो आणि बाकीचा खेळ त्याला दिसत नाही. मी इंजिनिअरवर आलो तेव्हा कुठे डोके वर काढून आजूबाजूला पाहू लागलो, कारण माझ्या वाटची थोडी राखण तोफ करीत होती. स्काउट मात्र पहिल्या महिन्यात घेऊ नये. तो पळतो फार. आणि तो पळाला की मागचे तिघे अंधारात राहतात.

अंधाराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण नवखे लोक बंदुकीच्या चर्चेत रमतात आणि मरतात ते अंधाराने. प्रत्येकाजवळ हाताने फेकायचे मोजके फ्लेअर असतात; संपले तरी थोड्या वेळाने पुन्हा भरतात. म्हणजे ते साठवून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. आपल्या पिढीला मात्र साठवायची सवय. मी पहिले चार रविवार फ्लेअर जपून वापरत होतो, जणू गॅसचा सिलिंडर महिनाअखेरपर्यंत पुरवायचा आहे. नव्या गुहेच्या तोंडाशी थांबायचे, दोन-तीन फ्लेअर आत फेकायचे, वर-खाली पाहायचे, मगच पाऊल टाकायचे. वर पाहणे तर फारच महत्त्वाचे. छताला एक जळूसारखा प्राणी लटकलेला असतो. त्याचा हात खाली येतो आणि माणसाला अलगद उचलतो. उचललेल्या नवशिक्याला स्वतःला सोडवता येत नाही. दुसऱ्याने खालून गोळी घालून सोडवावे लागते. दुसरा जवळ नसेल तर संपलेच. एकट्याने पुढे जाऊ नये, हे मला धाकट्याने दहा वेळा सांगितले होते. त्या जळूने एकदाच सांगितले.

आता माझ्या अपराधाकडे येतो. खाणीत नायट्रा नावाचे लाल खनिज सापडते. मोहिमेच्या कामात ते मोजले जात नाही, म्हणून नवे लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण सर्वांनी मिळून ऐंशी नायट्रा जमवले की वरून दारूगोळ्याचा एक पॉड मागवता येतो. त्याला चार कप्पे असतात आणि एक कप्पा एका खेळाडूचा निम्मा साठा भरून देतो. तिसऱ्या रविवारी माझी बंदूक रिकामी झाली होती. पॉड आला, मी गेलो, एक कप्पा घेतला, पट्टी अर्धीच भरली म्हणून दुसराही घेतला. भूक लागलेल्या माणसाने ताटात वाढून घ्यावे तसे. तेवढ्यात किड्यांची झुंड आल्याची घोषणा झाली. लेक धावत पॉडपाशी आली तर कप्पे रिकामे. ती कुदळ घेऊन लढली आणि पडली. तिला उठवायला भाचा गेला, तो पडला. मग आम्ही सगळेच पडलो आणि पाऊण तासाची मेहनत मातीत गेली.

मुलगे ओरडले असते तर बरे झाले असते. लेक शांतपणे म्हणाली, ‘बाबा, चार कप्पे असतात. चौघांचे.’

घरात ताटात शेवटची पोळी कोणाची, हे विचारल्याशिवाय मी कधी उचललेली नाही. इथे मात्र विचारले नाही, कारण हा खेळ आहे, यात काय, असे मी मनात धरले होते. मुलांनी तसे धरले नव्हते. त्यांच्याकडे त्याचे रीतसर शिष्टाचार आहेत. पॉड मागवण्याआधी विचारायचे. आपला साठा पुरेसा असेल तर आपला कप्पा गरजवंतासाठी सोडायचा. खनिज ज्याला दिसले त्याने लेसरने खूण करून दाखवायचे. पडलेल्याला उठवायला धावण्याआधी भोवतालचे किडे संपवायचे, नाहीतर एकाचे दोन पडतात. मॉली म्हणजे चार पायांचे यंत्र-खेचर. त्यात सर्वांचे खनिज टाकायचे आणि ते सर्वांच्या नावावर जमा होते. काम संपल्यावर मॉलीवरचे बटण दाबले की परतीचे यान निघते आणि उलटी मोजणी सुरू होते. ते बटण चौघांना विचारल्याशिवाय दाबणाऱ्याला मुलांच्या भाषेत जे म्हणतात ते या पुरवणीत छापता येणार नाही.

बुटके एकमेकांवाचून किती अडतात, हे या खेळाच्या रचनेत फार बारकाईने बसवले आहे. सोन्याची शीर उंच भिंतीवर असते. स्काउट झेपावू शकतो पण तिथे उभा राहू शकत नाही. इंजिनिअर खालून त्या शिरेखाली फलाट चिकटवतो, मग स्काउट वर जाऊन सोने काढतो. लेक स्काउट, मी इंजिनिअर. ‘बाबा, फलाट!’ असे ती म्युनिकहून ओरडते आणि मी इथून नेम धरतो. माझा नेम चुकतो, ती खाली पडते, पुन्हा वर जाते. पडल्यावर पुन्हा तेच, न चिडता.

याच धांदलीत एकदा, गोळा केलेले खनिज मॉलीत टाकता टाकता, ती म्हणाली की खोलीतली सोबतीण गेल्याला तीन आठवडे झाले आणि आठवडाभर कोणाशी मराठीत बोलणेच झाले नाही. व्हिडिओवर हे कधी निघाले नव्हते. तिथे मी समोर बसून प्रश्न विचारत होतो, मुलाखतच ती. मेथी निवडायला चार जणी बसल्या की जे बोलणे निघते ते समोरासमोर खुर्च्या टाकून निघत नाही. हात गुंतलेले असावे लागतात, नजर दुसरीकडे असावी लागते. आमच्या घरी आता मेथी निवडलेलीच येते.

यात गोळीबार आहे, हे मी लपवत नाही. किडे फुटतात, हिरवट चिकट पसरते. यानतळावर बुटक्यांचा बिअरचा गुत्ताही आहे. आठ वर्षांच्या मुलाला मी हा खेळ देणार नाही. एकमेकांना चुकून गोळी लागते, तेव्हा नेम धरताना मध्ये कोण आहे ते पाहावेच लागते. लूटबग नावाचा एक गोलमटोल निरुपद्रवी किडा सोन्या-नायट्राच्या लोभाने मारला जातो. भाचा त्याला आधी थोपटतो आणि मग मारतो, ते मला अजून पटलेले नाही. शिवाय एक मोहीम संपली की ‘आणखी एकच’ असे होते. आम्ही अकराला उठायचे असे ठरवले आहे आणि ते मोडणाऱ्यांत मीच जास्त असतो. अनोळखी लोकांबरोबरही खेळता येते. घरात लहान मुले असतील तर ती सोय बंद ठेवून ओळखीच्यांतच खेळावे.

पण घरोघर सगळ्याच खेळांना एका पारड्यात टाकण्याची जी पद्धत आहे ती मला आता मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो हवाच होता. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी मुलाचा संगणकच कपाटात कुलूपबंद केला. त्यात पैशाचा एकही खेळ नव्हता. मुलगा काय खेळतो, कोणाबरोबर खेळतो, हे त्यांनी विचारले नव्हते. आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही विचारलेले नव्हते. ‘डीप रॉक’मध्ये एकदा खेळ घेतला की वरून पैसे टाकून ताकद विकत मिळत नाही, मिळतात ते कपडे आणि दाढ्यांचे प्रकार. एवढा फरक कळायला तीन रविवार शेजारी बसावे लागते. नुसते मागे उभे राहून चालत नाही, चौथी जागा घ्यावी लागते आणि पडावे लागते.

एक कळ राहिली. की-बोर्डवर व्ही दाबले की बुटका कुदळ उंचावून ‘रॉक अँड स्टोन!’ असा पुकारा करतो. बाकीच्यांनी त्याला उत्तर द्यायचे असते. त्याने गुण मिळत नाहीत. तरी कोणी पुकारले आणि आपण गप्प राहिलो तर वाईट दिसते, नमस्काराला नमस्कार न केल्यासारखे. हे मला कोणी शिकवले नाही, आपोआप कळले.

येत्या रविवारी तिसरी पातळी घ्यायची असे मुलांनी ठरवले आहे. नायट्राचा हिशेब माझ्याकडे आहे. भाच्याची परीक्षा सुरू होते आहे, तेव्हा चौथी जागा रिकामी आहे, आणि इतके दिवस दारात उभी राहून ‘जेवायला या’ म्हणणाऱ्या सौभाग्यवतींनी परवा ती मागून घेतली. लेक आपला आकड्याचा दोर आईला द्यायला तयार आहे. पहिल्याच दिवशी स्काउट घ्यायचा म्हणतात. मी काही बोललो नाही.