सहलीचा वार नको, तिथी पाहा
आजी-आजोबांना घेऊन अलिबागला एका दिवसाची सहल काढताना आपण रविवार पाहतो, तिथी पाहत नाही. दिवस बिघडतो तो तिथेच. कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं ते ओहोटीलाच. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओली, घट्ट वाळू उघडी पडते ती पाचच्या सुमारास, ऊन उतरल्यावर. अष्टमीला मात्र ओहोटी ऐन दुपारी, आणि तेव्हा पाणीही फारसं हटत नाही. म्हातारी माणसं उन्हात थकतात, त्यांना घरीच ठेवावं, असं म्हणणाऱ्यांनी आधी पौर्णिमेची ही संध्याकाळची वेळ साधून पाहावी. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, खात्री तिथे जरूर करावी; पण बोटांवरचा हा हिशेब नातवंडांना आजोबांकडूनच शिकू द्यावा.