मृत्यूचे आंकडे वाचतांना

सन २०२० च्या मे महिन्याअखेर जळगांव जिल्ह्याचें नांव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलें, परंतु तें केळ्यांसाठीं किंवा सोन्यासाठीं नव्हे. कोरोनाची बाधा निश्चित झालेल्या दर शंभर माणसांमागें देशांत सुमारें तीन दगावत होतीं. जळगांवांत दहांहून अधिक. घरांत म्हातारें माणूस तापानें फणफणलें असतां हा आंकडा वाचणाऱ्याच्या मनांत एकच प्रश्न येणार: दुखणाइतास येथेंच ठेवावें, कीं रातोरात धुळ्यास न्यावें? रुग्ण वयस्क आहेत, त्यांना मधुमेह व रक्तदाब आहे, ते उशिरां येतात, अशीं कारणें त्या वेळीं सांगितलीं जात. तीं खरीं होतीं कीं केवळ सबबी, हें ठरवावें कसें? वैद्यकांतील संशोधक यासाठीं जी रीत वापरतात, ती वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम साधें गणित घेऊं. समजा, दोन गांवें आहेत. दोहोंकडे साठीच्या आंतील शंभर रुग्णांपैकीं पांच दगावतात व साठीपुढील शंभरांपैकीं वीस. पहिल्या गांवच्या शंभर रुग्णांत ऐंशी वृद्ध, दुसऱ्या गांवच्या शंभरांत वीसच. पहिल्या गांवीं सतरा मृत्यु होतील, दुसऱ्या गांवीं आठ. वैद्य तसेच, औषध तेंच, तरी एका गांवाची अपकीर्ति दुप्पट! वृद्धांची तुलना वृद्धांशींच करावी, हें मग कोणीही कबूल करील.

अडचण पुढें आहे. वयाच्या जोडीला मधुमेह आला, रक्तदाब आला, उशीर आला. अशीं सात कारणें धरून प्रत्येकाचे तीन वर्ग पाडले, तर २,१८७ कोठे होतात. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम या गांवीं १९४८ सालीं हृद्रोगाचा दीर्घ शोध सुरू झाला. त्यांतील बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हां योगायोगानें पुरुषही २,१८७ च होते. कोठ्यास सरासरी एक मनुष्य! त्यावरून काय निष्पन्न होणार? जेरोम कॉर्नफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ सालीं कोठ्यांचा नाद सोडून सातही कारणें एकाच समीकरणांत घातलीं. प्रत्येक कारणास एकेक भार द्यावयाचा, आणि तो असा कीं, प्रत्यक्षांत कोण आजारी पडलें याच्याशीं समीकरणाचें उत्तर शक्य तितकें जुळावें. मग बाकीच्या गोष्टी समान धरल्या असतां एकट्या रक्तदाबानें धोका किती वाढतो, हें सांगतां येतें. हीच बहुचल पद्धति.

तथापि जें नोंदलेंच नाहीं तें समीकरणांत येणार कोठून? आणि चाचणी केवळ अत्यवस्थ माणसांचीच झाली, तर भाजक लहान राहतो व मृत्यूचें प्रमाण आपोआप फुगतें. साथ ओसरेपर्यंत जळगांव जिल्ह्याचें एकंदर प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरलें होतें. तेवढा सगळा फरक औषधोपचारानें पडला असेल, हें आम्हांस संभवत नाहीं.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे, आणि त्यांत जाणतेही फसतात. २०२० सालींच इंग्लंडांत सुमारें एक कोटी बहात्तर लाख प्रौढांच्या नोंदी अशा पद्धतीनें तपासल्या. केवळ वय व लिंग जमेस धरलें, तेव्हां धूम्रपान करणाऱ्यांस कोरोनानें मृत्यूचा धोका किंचित् अधिक दिसला. सर्व कारणें घातलीं, तेव्हां तो किंचित् कमी दिसूं लागला! (आमच्याकडील विडीकाड्यांच्या भक्तांनीं इतक्यांत हर्षभरित होऊं नये.) समीकरणांत फुप्फुसाचे जुने विकारही घातलेले होते. धूम्रपान बऱ्याच अंशीं त्या विकारांच्या द्वारेंच घात करतें. विकार समान धरले कीं धुराचा अपराध त्यांच्या खात्यांत जातो व धूर निर्दोष भासतो.

खानदेशाच्या प्रश्नाला हेंच लागू आहे. रुग्णालयांत पोहोंचण्यास झालेल्या उशिरानें किती जीव गेले हें पाहावयाचें असेल, तर दाखल होतांना रक्तांत प्राणवायु किती होता हें कारण त्याच समीकरणांत घालून चालणार नाहीं. प्राणवायु खालावला तो त्या उशिरामुळेंच. तो समान धरला, कीं घरीं काढे पीत घालविलेले चार दिवस हिशेबांतून पुसले जातात.