ठिपक्यांचं पिल्लू तिथंच राहू द्या

शिरपूर आणि आसपासच्या गावांतल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

तूर कापताना, सोयाबीनची सुडी हलवताना किंवा धुऱ्यावरचं काटवण तोडताना कधीतरी पाल्यात दोन-तीन पिल्लं सापडतात. मुठीत मावतील एवढीच. अंग राखाडी-तांबूस, पाठीवर गडद ठिपक्यांच्या ओळी, कपाळावरून मानेकडे गेलेले गडद पट्टे आणि डोळ्यांच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ. हात जवळ नेला की फिस्कारतात. कुणी म्हणतं बिबट्याची आहेत, कुणी म्हणतं रानमांजराची. मग एखादा पोरगा ती दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणतो. खोक्यात ठेवतो, बशीत म्हशीचं दूध देतो. पिल्लांचे फोटो गावभर फिरतात. ते दूध पचत नाही, हगवण लागते, आईची ऊब नसते, आणि पिल्लं मरतात.

त्या पोराच्या मनात माया असते, हे मला ठाऊक आहे. पण त्या मायेनंच पिल्लांचा जीव जातो. म्हणून हे कळकळीचं सांगणं.

ही पिल्लं ज्या मांजरीची असतात, तिला आपल्याकडे वाघाटी म्हणतात. आशियातली ही सगळ्यात लहान रानमांजर. पूर्ण वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची, म्हणजे घरच्या मांजरीपेक्षाही लहान. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून जगात ती कुठेच नाही. तिला घनदाट जंगलच लागतं असं नाही. पानगळीचं रान, झुडपं, खडकाळ माळ, उसाचं वावर, एवढ्यावर तिचं भागतं. रात्री ती उंदीर, सरडे, बेडूक, किडे खाते. वावरातला उंदीर ती फुकटात मारते, आपलं एक कोंबडीचं पिल्लू गेलं तरी हिशेबात ती आपल्याच बाजूची आहे. एका वेळी तिला एक ते तीनच पिल्लं होतात. त्यामुळे एका खोक्यात तिची अख्खी वीण संपू शकते.

आता ठिपक्यांच्या मांजरीच्या हौसेबद्दल. शहरांत ‘बेंगाल’ जातीची मांजर मोठ्या किमतीला विकली जाते. बिबट्यासारखं अंग, रेशमी केस. ते बघून वाटतं, वावरात सापडलेलं पिल्लूही असंच माणसाळेल. तसं होत नाही. अमेरिकेत जीन मिल यांनी १९६३ मध्ये बिबट मांजर आणि घरचा काळा बोका यांचा संकर केला. बिबट मांजर म्हणजे वाघाटीच्याच कुळातली दुसरी रानमांजर. मध्ये खंड पडला आणि १९८० च्या दशकात काम पुन्हा सुरू झालं. सुरुवातीच्या पिढ्यांतले नर वांझ निघायचे, माद्या बुजऱ्या असायच्या. रानमांजरीपासून चौथ्या पिढीच्या पुढची मांजर तेवढी घरची मानतात. इतकं होऊनही बेंगालच्या अंगात रानाची रग उरलीच आहे. ती उंचावर चढते, पाण्यात खेळते, दिवसभर एकटी कोंडली तर घर डोक्यावर घेते. तिला मांसाहार लागतो, चढायला जागा लागते आणि रोज खेळणारं माणूस लागतं. जे साधायला जाणकारांना एवढ्या पिढ्या लागल्या, ते खोक्यात आणि बशीभर दुधात कसं साधेल?

याच गोष्टीत आपल्या उपयोगाचा एक धागा आहे. १९८० च्या दशकात जीन मिल यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्यांच्या आवारात एक बेवारस मांजर दिसलं. सोनेरी अंगाचं, ठिपक्यांचं, पण जात साधी घरमांजराचीच. ते त्यांनी अमेरिकेला नेलं आणि बेंगालच्या वंशात मिसळलं. म्हणजे ज्या रूपासाठी लोक पैसे मोजतात, त्यातला काही वाटा आपल्या गल्लीतल्या मांजरांचा आहे. तुम्हाला ठिपक्यांची मांजर हवीच असेल, तर गावातलं बेवारस पिल्लू घरात घ्या. हौसही फिटेल आणि एक जीवही मार्गी लागेल.

मग वावरात पिल्लं सापडली तर काय करायचं?

पहिलं, हात लावू नका. बहुतेक वेळा आई मेलेली नसते, शिकारीला गेलेली असते किंवा माणसांच्या गलक्यामुळे जवळच दबा धरून बसलेली असते. तेवढ्या जागेतलं काम थांबवा, भोवतीची पिकाची चार तासं उभी राहू द्या, कुत्री बांधा आणि माणसं मागे घ्या. पिल्लू बिबट्याचं आहे की वाघाटीचं, यावर तिथं उभं राहून वाद घालू नका. बिबट्याचं असेल तर मादीही जवळ असू शकते, तेव्हा मागे सरण्यातच आपलं भलं आहे.

दुसरं, वनरक्षकाला कळवा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

तिसरं, पिल्लं आधीच घरी आणली असतील तर लपवू नका. लगेच कळवा, म्हणजे त्याच संध्याकाळी ती होती त्याच जागी परत ठेवता येतील. माणसाचा वास लागला की आई पिल्लू घेत नाही, ही समजूत चुकीची आहे. जुन्नर भागात वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट बचाव केंद्रातले लोक सापडलेली पिल्लं टोपल्यात घालून जागेवर ठेवतात, कॅमेरा लावतात आणि लांब थांबतात. अंधारात आई येते, मानेला धरून एकेक पिल्लू उचलते आणि घेऊन जाते.

कायदाही माहीत असू द्या. वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं ही कायद्यानं शिकारच ठरते, आणि त्याला किमान ३ वर्षांची कैद आहे.

चौथी गोष्ट आपल्या घरच्या मांजरीची. तिचे रोग रानमांजरीला लागू शकतात, आणि रानात भटकणाऱ्या घरमांजरांशी संकर होणं हाही वाघाटीच्या वंशाला धोका आहे. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मांजरीला रेबीजची आणि इतर लस द्या, पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्या. ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. एका गोळीनं मांजर मरू शकते.

शेवटची विनंती धुऱ्याची. उन्हाळ्यात आपण धुरे पेटवतो, पऱ्हाटी जाळतो. त्या काटवणात कुणाचं तरी घर असतं. आपल्या शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथ विराजमान आहेत. पार्श्वकुमारांची ती कथा इथल्या लहान पोरांनाही माहीत आहे. तापस कमठ धुनी पेटवून बसला होता, आणि जळत्या लाकडाच्या पोटात नाग आहे हे पार्श्वकुमारांनी ओळखून लाकूड फोडायला लावलं. आपल्याकडे तशी दृष्टी नाही, पण हातात काठी आहे. काडी ओढण्याआधी धुऱ्यावर काठी आपटा, आवाज करा, आतलं जे असेल त्याला पळायला वेळ द्या. आणि पिल्लं दिसली तर त्या दिवशी धुरा पेटवू नका. आई एक-दोन रात्रींत त्यांना दुसरीकडे नेईल, तोवर धुऱ्याचं काम थांबलं तर बिघडत नाही.