काळ्या सूर्याचा उजेड

श्रावणात माळशेज घाटात धुकं उतरलं, की समोरचा कडा बघता बघता नाहीसा होतो आणि वाऱ्याची झुळूक येताच पुन्हा उभा राहतो. उजेडाची ही किमया मुरबाडकरांच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणूनच हा अंक ‘ड्यून : पार्ट टू’ (2024) या विज्ञानपटाच्या छायाचित्रणाला आणि दृश्यपरिणामांना वाहिला आहे.

त्यातल्या गिडी प्राइम या ग्रहावर काळा सूर्य तळपतो. छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी तिथल्या आखाड्याची दृश्यं अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली. त्यात माणसाची कातडी मेणासारखी पांढुरकी दिसते. आपलं हिरवंगार रान याच कॅमेऱ्यातून पाहिलं, तर पानं बर्फासारखी पांढरी दिसतील! दृश्यपरिणामांचं ऑस्कर 2025 मध्ये याच चित्रपटाला मिळालं. त्यामागच्या डीएनईजी या कंपनीचा मोठा स्टुडिओ मुंबईत आहे, इथून काही तासांच्या वाटेवर.

आणि पडद्यावरच्या चमत्कारांची ही वाट आपल्याला परकी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत टिपला. पडद्यावर तो डोळ्यांदेखत वाढला. चमत्काराच्या मुळाशी होती ती चिकाटी आणि निरखणारी नजर.

तशी नजर आपल्या वाड्या-पाड्यांवरच्या मुलांकडेही आहे. त्यांना फक्त कळायला हवं, की हीसुद्धा एक विद्या आहे आणि ती शिकता येते. तेवढ्यासाठीच हा अंक.