विरक्ती कसली, आजार आहे तो!

आपल्याकडे म्हातारा माणूस आरडाओरडा करायला लागला की चार दिवसांत त्याला डॉक्टरकडे नेतात. तोच माणूस गप्प बसायला लागला की त्याचं कौतुक होतं. "काही कटकट नाही हो त्यांची, दिलं ते खातात, बसवलं तिथं बसतात." हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता ऐकलं की डोकंच फिरतं. तेव्हा आज जरा भांडणार आहे. नात्यातली मंडळीही इथं वाचायला येतात, हे ठाऊक असून भांडणार आहे.

विषय डिमेन्शियाचा, त्यातही अगदी सुरुवातीच्या. मराठीत आपण त्याला स्मृतिभ्रंश म्हणतो आणि अर्धा घोटाळा इथेच होतो. नावातच स्मृती, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष विसरण्याकडे. चष्मा कुठे ठेवला, नातवाचं नाव काय, आज वार कोणता... पण अल्झायमरच्या साधारण निम्म्या रुग्णांत आणखी एक गोष्ट दिसते, आणि कित्येकदा ती विसरण्याच्या आधीच येऊन बसलेली असते. माणसाला आपणहून काही करावंसंच वाटेनासं होतं. डॉक्टर मंडळी तिला अ‍ॅपथी म्हणतात.

आपला शब्द 'उदासीनता', आणि उरलेला अर्धा घोटाळा या शब्दाने केलाय. उदास वेगळा, उदासीन वेगळा. उदास माणसाला वाईट वाटतं, रडू येतं, अपराधी वाटतं. उदासीन माणसाला धड वाईटही वाटत नाही आणि बरंही वाटत नाही. त्यातून गीतेपासून उदासीन असणं हा आपल्याकडे सद्गुण! म्हणून मग असा माणूस दिसला की कोणी म्हणतं डिप्रेशन, कोणी म्हणतं आळस, आणि जरा धार्मिक कोणी असलं की, "संसारातून मन उडालं हो, विरक्ती आली." अहो, विरक्ती यायला आधी इच्छा असावी लागते. ती आवरायची म्हणून तर एवढी साधना. इथे इच्छा उगवतच नाही. त्याला वैराग्य म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला स्थितप्रज्ञ म्हणण्यासारखं आहे.

हे काही माझं डोकं चालवून सांगत नाहीये. रॉबर्ट मॅरिन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९९१ मध्येच अ‍ॅपथीला वेगळं लक्षण म्हणून मांडलं आणि ती मोजायची प्रश्नावलीही तयार केली. १९९८ मध्ये तर 'अ‍ॅपथी म्हणजे डिप्रेशन नव्हे' अशा सरळसोट मथळ्याचा शोधनिबंध आला. म्हणजे हे कळून पंचवीस वर्षं उलटून गेली. आपण मात्र अजून "जरा मन रमवा" इथेच अडकलोय.

आता मेंदूत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. उठून चहा करायचा एवढ्या साध्या गोष्टीसाठीही मेंदूला तीन कामं करावी लागतात. चहा हवासा वाटणं, त्यासाठी उठायचे कष्ट परवडतात का हे तोलणं, आणि मग सुरुवात करणं. ही कामं करणारी एक साखळी आहे. कपाळामागचा पुढचा मेंदू, दोन्ही अर्ध्या भागांच्या मधल्या भिंतीवरचा अँटिरियर सिंग्युलेट नावाचा पट्टा आणि खोल आतल्या बेसल गँग्लिया. 'हवंसं' वाटण्याचा निरोप तिथे डोपामिन पोचवतं. अल्झायमरमध्ये ही साखळी झिजते. अ‍ॅपथी असलेल्या रुग्णांच्या स्कॅनमध्ये याच भागांत रक्तपुरवठा किंवा आकार कमी झालेला पुन्हा पुन्हा आढळलाय. शिवाय लक्ष आणि जागरूकता टिकवणारं अ‍ॅसिटिलकोलिन कमी पडतं, ते वेगळंच. वर्षानुवर्षं रक्तदाब आणि मधुमेह असेल तर बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन या भागांना जोडणाऱ्या ताराच तुटतात. दिवा शाबूत, बटण शाबूत, मधली वायर गेली!

अँटोनियो दामासियो या मेंदूतज्ज्ञाने १९९४ च्या आपल्या पुस्तकात एका बाईंची हकिकत दिली आहे. पक्षाघाताने त्यांचा नेमका हाच भाग दुखावला होता. त्या हलत नसत, बोलत नसत. काही महिन्यांनी बऱ्या झाल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की त्या काळात यातना नव्हत्या, भीती नव्हती, बोलण्यासारखं मनात काही येतच नव्हतं. तो डिमेन्शिया नव्हता, पण बंद पडलेला भाग तोच. गप्प बसलेला माणूस रुसून बसलाय असं ठरवणाऱ्यांनी ही हकिकत दोनदा वाचावी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे नात्यातले एक काका. सोसायटीची पाण्याची मोटर, गणपतीची वर्गणी, चार घरची बंद घड्याळं यात रमणारा माणूस वर्षभर खुर्चीत बसून आहे. पेपर मांडीवर असतो, पान उलटत नाही. आणि नातेवाइकांचा निकाल काय? "काकूनेच सगळं हातात देऊन त्यांना बसवून ठेवलं." ती बाई रोज चार वेळा "अहो, जरा खाली फिरून या" म्हणत झिजतेय आणि दोष तिलाच! ज्याच्यामुळे हे झालं तो आजार मोकळा, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बायको. निदान चुकलं की न्यायही असा चुकतो.

यावर आमच्याकडचा ठरलेला प्रश्न : "सगळं मेंदूवर ढकललं की झालं! मग माणसाने प्रयत्नच करायचे नाहीत का?" तर, प्रयत्न करायला लावणारा भागच आजारी आहे. ताप आलेल्याला 'अंग थंड ठेव' असं दटावून ताप उतरत नाही. पण म्हणून हात जोडून बसा असं मी म्हणत नाहीये. उलट कारण कळलं की मार्ग दिसतो. आतून सुरुवात होत नसली तरी बाहेरून कोणी सुरुवात करून दिली तर पुष्कळदा काम पुढे चालतं. "तुम्हाला काय करावंसं वाटतंय?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर येणार, कारण ते खरंच आहे. त्याऐवजी मटारची परात मध्ये ठेवून आपण सोलायला लागावं, चार शेंगा त्यांच्या हातात द्याव्या. हात चालू लागतात.

डॉक्टरांनाही सोडत नाही. दवाखान्यात तीस गुणांची जी ठरावीक परीक्षा घेतात तिच्यात तारीख, वार, शब्द, वजाबाकी सगळं असतं. 'गेल्या महिन्यात आपणहून काय केलंत?' हा प्रश्न नसतो. माणूस पास होतो आणि "वयोमानानुसार आहे" असं ऐकून घरी येतो. तेव्हा ही माहिती आपणच मागणी करून सांगायला हवी. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यायला हवं, कारण तिथली कमतरता भरून काढता येते. डिप्रेशन आहे का हे वेगळं बघायला हवं, कारण त्याच्या काही गोळ्यांनी अ‍ॅपथी वाढल्याच्याही नोंदी आहेत. जादूची गोळी नाही. २०२१ मध्ये २०० अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचणीत मिथाइलफेनिडेट या डोपामिन वाढवणाऱ्या औषधाने सहा महिन्यांत अ‍ॅपथी थोडी कमी झाली. थोडीच. पण उपदेशाने वैराग्य जात असतं तर गोळीचा उपयोग दिसला नसता, एवढं तरी मान्य करा!

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियाने ग्रस्त आहेत. त्यातले किती जण 'काही कटकट नाही' म्हणून आत्ता एखाद्या खुर्चीत बसलेले असतील, कल्पना करा.

असो. नातेवाईक मंडळी, पुढच्या वेळी अशा घरी जाल तेव्हा उपदेश आपल्या घरी ठेवून या. त्या घरातल्या बाईला "तू दोन तास बाहेर जाऊन ये, मी आहे इथे" म्हणा. आणि पत्ते घेऊन जा. पिसा, वाटा, पानं त्यांच्या हातात द्या. पहिली उतारी मात्र तुम्ही करायची.